जांघेतला फुगा आणि पट्ट्याचा भरवसा

प्रश्न : वय 46. केळीचे घड बागेतून गाडीपर्यंत वाहतो. दोन महिन्यांपासून उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगा येतो, आडवं झालं की जातो. दुपारनंतर ओढल्यासारखं दुखतं. ओळखीतल्या एकाने पट्टा आणून दिला आहे. तेवढ्यावर भागेल का?
— एक वाचक, सावदा

उत्तर : नाही भागणार. वर्णनावरून हा जांघेतला हर्निया, म्हणजे आपल्याकडचा अंतर्गळ वाटतो. नक्की काय ते सर्जन तुम्हाला उभं करून, खोकायला लावून हाताने तपासतील. बहुतेक वेळा सोनोग्राफीचीही गरज पडत नाही.

जांघेच्या जरा वर, पोटाच्या भिंतीत साधारण 4 सेंटीमीटर लांबीची तिरपी वाट असते. वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका तिथून जातात, म्हणून पुरुषांत ही जागा मुळातच कच्ची. तिथून पोटाचं अस्तर पिशवीसारखं बाहेर येतं आणि त्यात चरबी किंवा आतडं उतरतं. दोष एकट्या घडांना देऊ नका. जुना खोकला, शौचाला कुंथणं, प्रोस्टेटमुळे लघवीला लावावा लागणारा जोर हेही त्याच जागेवर येतात. ऑपरेशनआधी त्यांचा बंदोबस्त झाला नाही, तर दुरुस्त केलेल्या जागेवरही तोच ताण येत राहतो.

पट्टा बाहेरून दाबतो, भोक तसंच राहतं. फुगा बाहेर असतानाच तो आवळला तर आतडं चेपतं, आणि वर्षानुवर्षं वापरला तर आतले थर एकमेकांना चिकटून ऑपरेशन अवघड होतं. तारीख मिळेपर्यंत बांधायचाच असेल, तर आडवं पडून फुगा पूर्ण आत गेल्यावर बांधा आणि झोपताना काढा.

ज्याला काहीच त्रास नाही अशा पुरुषाने थांबलं तर चालतं. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं थांबलेल्यांपैकी वर्षाला हजारी दोघांवरही आतडं अडकून तातडीने ऑपरेशनची वेळ आली नाही. मात्र दुखू लागल्यामुळे दोन वर्षांत जवळजवळ चौथ्या हिश्श्याने आपणहून ऑपरेशन करून घेतलं. तुम्हाला आताच दुखतं आहे आणि काम ओझ्याचं आहे. केळीची कटाई थंडावली की तारीख घ्या.

तोवर एक ध्यानात ठेवा. फुगा आत जाईना, दगडासारखा कडक झाला, कळा किंवा उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. हातात काही तासच असतात. चोळू नका, जोराने आत ढकलू नका, पाणीसुद्धा पिऊ नका. चोवीस तास ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

प्रश्न : आईचं वय 68. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाला सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही. थांबावं का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : थांबू नका. वरचा ‘चालतं’ हा शब्द पुरुषांपुरता आहे. घडीखालची ही जागा मांडीतल्या हर्नियाची. तो बायकांत जास्त दिसतो, तोंड अरुंद असतं, म्हणून आतडं पटकन अडकतं. लाजेपायी दाखवायचं लांबतं, हेच घातक. गाठ दुसऱ्या कशाचीही असू शकते, पण ते सर्जनला ठरवू द्या, याच आठवड्यात.

प्रश्न : दुर्बिणीतून करावं की चिरा देऊन? जाळी शरीरात राहिली तर बाधते का? कामाला कधी लागता येतं?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : चिऱ्याच्या ऑपरेशनात कच्च्या जागेवर साधारण 15 बाय 7.5 सेंटीमीटरची पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवतात. फक्त जागा बधिर करूनही ते होतं, त्यामुळे हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असणाऱ्यांना सोयीचं. दुर्बिणीत तीन छोटी छिद्रं पाडून जाळी आतल्या बाजूने लावतात. दुखणं कमी, पण बहुधा पूर्ण भूल लागते आणि खर्च जास्त. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा चिरा देऊन केलेलं उलटलं असेल, तर दुर्बीण उजवी. बाकी वेळी सर्जनचा हात कशावर बसला आहे ते विचारा, आम्ही त्यालाच जास्त वजन देऊ.

जाळी विरघळत नाही, तिच्यातून आपलेच तंतू वाढून भिंत पक्की होते. जंतुसंसर्ग क्वचित होतो. काहींची जांघ मात्र तीन महिन्यांनंतरही दुखत राहते, हे आधीच माहीत असावं. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरण्याची पद्धत मांडली आहे, तिचीही चौकशी करता येते. लहान मुलांना जाळी लागत नाही, नुसती पिशवी बांधतात.

त्याच दिवशी चालायला लागा. वृषणाची पिशवी सुजून काळीनिळी दिसली तर घाबरू नका, ती ओसरते. ताप आला किंवा जखमेतून पू आला तर लगेच दाखवा. जुन्या जागी पाणी साचून फुगवटा आला की लोकांना वाटतं हर्निया उलटला. बहुतेकदा तसं नसतं, पाणी काही आठवड्यांत जिरतं. बैठं काम एक-दोन आठवड्यांत जमतं. मोटारसायकल अचानक ब्रेक दाबताना दुखेनासं झाल्यावरच. कापसाची पोती आणि घड चार ते सहा आठवडे दुसऱ्याच्या खांद्यावर. बिडी बंद, कारण खोकला टाक्यांवर येतो. पथ्य म्हणून मुगाच्या पाण्यावर राहण्याची गरज नाही. कळण्याची भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी घ्या, म्हणजे कुंथावं लागणार नाही.