समुद्र काय यांच्या बापाचा?

प्रश्न : सर्फिंग शिकून वर्ष झालं. परवा एका गाजलेल्या किनाऱ्यावर गेलो, पण तिथले नेहमीचे लोक एकही लाट सोडेनात. शेवटी मी एक धरली, तर एक जण अंगावर ओरडला, 'चल, बाहेर हो!' समुद्र काय यांच्या बापाचा आहे?

उत्तर : नाही. पण तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही. तुम्ही धरलीत त्या लाटेवर तो आधीच उभा होता का? असेल, तर त्याचं ओरडणं मला रास्त वाटतं. लाट जिथे आधी फुटते, त्या जागेच्या, म्हणजे पीकच्या, सर्वांत जवळ जो असेल त्याची ती लाट. त्याच्या पुढ्यात उतरणं म्हणजे ड्रॉप-इन. वेगात असलेल्याला ऐनवेळी वळता येत नाही आणि बोर्डाखालची फिन, म्हणजे कल्ल्यासारखं पातं, मांडी फाडू शकते, म्हणून हा नियम.

तळ खडकाचा असेल तर पीक जवळजवळ एकाच जागी असतं, आणि ती जागाही केवढीशी! चांगल्या लाटाही सेटमध्ये, म्हणजे एकामागोमाग काहींच्या गटाने येतात, दोन गटांच्या मध्ये नुसतं बसून राहायचं. वर्षानुवर्षं येणाऱ्याला ती जागा नेमकी ठाऊक असते. त्याचा निम्मा दरारा या माहितीचाच. उरलेली मात्र दादागिरी. एक लाट घेऊन परतायचं, तुम्हाला वळसा घालून पुन्हा पीकवर बसायचं आणि वर नियम सांगायचा, याला स्नेकिंग म्हणतात. मला त्याची ड्रॉप-इनपेक्षा जास्त चीड येते.

कॅलिफोर्नियातल्या लुनाडा बेमध्ये 'बे बॉईज' बाहेरच्यांना टिकू देत नाहीत, असा आरोप होता. 2016 मध्ये त्यावर खटला दाखल झाला आणि कड्याखालचा त्यांचा दगडी अड्डा पालिकेने पाडला. जुना असणंही कामी येतंच असं नाही. 1966 चे जगज्जेते नॅट यंग ऑस्ट्रेलियात अँगौरीलाच राहायचे, तरी 2000 साली तिथे दुसऱ्या सर्फरने त्यांच्या चेहऱ्याची हाडं मोडली.

पुढच्या वेळी एकटे जा, मित्रांचा घोळका नको. कडेला बसा, सुटलेल्या लाटा घ्या, आणि मिळालेली लाट पडून वाया घालवू नका. सगळे तेच बघत असतात. चुकून पुढ्यात उतरलात तर हात वर करून माफी मागा. कोणी अंगाला हात लावला तर पाण्यात भांडत बसू नका, बाहेर या आणि पोलिसांत तक्रार द्या.