पाठ म्हणतो, पण वाचत नाही

बाराखडी तोंडपाठ म्हणजे वाचन आले, हा गैरसमज पालकांच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा येतो. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पहिलीतली मुलगी काही अक्षरे उलटी लिहिते. काळजी करावी का?

उत्तर : पहिलीत नको, दुसरी संपतानाही तसेच राहिले तर तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : दुसरीतला मुलगा धडे घडाघडा वाचतो, पण दुकानाची पाटी वाचता येत नाही. बाराखडी पाठ आहे.

उत्तर : तो वाचत नाही, म्हणतो आहे. चित्र पाहिले की वाक्य आठवते. बोट भलत्याच शब्दावर असते. आजच पाहा. चित्र झाका आणि शेवटच्या ओळीतले शब्द उलट क्रमाने विचारा. अडखळला तर त्याला रागावू नका, पाठांतराला शाबासकी मोठ्यांनीच दिलेली असते. बाराखडीही अशीच फसवते. नुसत्या 'कु'वर बोट ठेवले की मूल पुन्हा 'क'पासून म्हणू लागते.

तक्ता काही दिवस बाजूला ठेवा. क, म, न, ल आणि काना एवढेच घ्या: काम, मका, नाक, कान, लाल, कमान. तीच अक्षरे जागा बदलून आली की मुलाला नीट बघावेच लागते. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरेत. ही अक्षरे न थबकता ओळखली की आणखी दोन-तीन वाढवा. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी कधीच शिकवू नका. दुसरी वेलांटी आधी घ्या (काकी, मामी), कारण पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. मुले तिथेच गोंधळतात. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर वर्गशिक्षकांना भेटा.

प्रश्न : 'तीस दिवसांत अस्खलित वाचन' अशी हमी देणारा क्लास लावावा का?

उत्तर : नाही. अशी हमी देताच येत नाही. प्रात्यक्षिक बघायला गेलात तर मुलांनी न पाहिलेला उतारा सोबत न्या.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. जोडाक्षरे गाळतो, फळ्यावरचे उतरवताना चुकतो. आजी म्हणतात, येईल आपोआप.

उत्तर : बोलणे आपोआप येते, वाचन शिकवावे लागते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानेही समजून वाचण्यासाठी तिसरीअखेरचीच मुदत धरली आहे. थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक असतील तर शाळेशी बोलून अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याची) तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तपासणी होईपर्यंत 'पक्का', 'गप्पा' असे शब्द 'पक्-का', 'गप्-पा' तोडून म्हणून घ्या. र ची जोडाक्षरे मात्र सर्वांत शेवटी.