अंगावरचे दूध सुरू ठेवा, पेल्यातले थांबवून पाहा

प्रश्न : माझी मुलगी सव्वातीन महिन्यांची असून ती केवळ अंगावरच पिते. जन्माच्या वेळी २.९ किलो असलेले तिचे वजन आता ५.८ किलो झाले आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून तिच्या शीमध्ये आव आणि अधूनमधून रक्ताचे धागे दिसतात. एरवी ती हसरी आहे. डॉक्टरांनी तिला तपासले, गुदद्वाराशी चीर नसल्याचे सांगितले आणि मला दूध व दुधाचे सर्व पदार्थ बंद करायला सुचवले. शेजारच्या एक बाई म्हणतात की तिला आईचेच दूध बाधते आहे, म्हणून लॅक्टोजविरहित पावडर सुरू करावी. बाळंतिणीने दूध प्यायले नाही तर तिला दूध येणार कुठून, असा सासूबाईंचा प्रश्न आहे. भीतीपोटी मी तूरडाळ, गहू, शेंगदाणे आणि वांगेही सोडले आहे. काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम, अंगावर पाजणे थांबवू नका. तुमच्या मुलीचे वजन जन्माच्या दुप्पट झाले आहे आणि ती आनंदी आहे, यावरून तिला दूध पुरते आहे हे स्पष्ट दिसते. अशा वयात, अशा लक्षणांमागे बहुधा गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिने असतात. आईने घेतलेल्या दुधातील या प्रथिनांचा अगदी अल्प अंश अंगावरच्या दुधात उतरतो आणि काही बाळांच्या आतड्याच्या अस्तराला त्याने सूज येते. या प्रकारात रक्ताची किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी चाचणी सहसा उपयोगी पडत नाही. दूध बंद करून पाहणे आणि नंतर पुन्हा घेऊन पाहणे हीच खरी परीक्षा असते.

लॅक्टोजचा मुद्दा येथे गैरलागू आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. ती आईच्या दुधात सुमारे सात टक्के असते आणि आईने एक थेंबही दूध घेतले नाही तरी ती तितकीच राहते. शिवाय लॅक्टोज काढून टाकलेल्या नेहमीच्या पावडरीत गाईच्या दुधाची प्रथिने जशीच्या तशी असतात, म्हणजे ज्याचा संशय आहे तेच आपण बाळाला थेट पाजणार. शेळीच्या दुधाचा सल्लाही तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. त्यातील प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की अशा बहुतेक बाळांना तेही चालत नाही.

आता तुमच्या ताटाविषयी. डाळ, गहू, शेंगदाणे, वांगे हे सारे आजच पुन्हा सुरू करा. एकाच वेळी दहा पदार्थ सोडले तर दोषी कोण हे कधीच कळत नाही आणि तुमची मात्र उपासमार होते. दोन ते चार आठवडे फक्त दूध, दही, ताक, पनीर, खवा, लोणी आणि या परीक्षेपुरते तूपही वगळा. घरातले दूध सहज दिसते. फसवते ते चहातले चमचाभर दूध, बेकरीतली खारी आणि बिस्किटे, आणि मिसळीबरोबर आलेली दह्याची वाटी. पाकिटावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे' किंवा 'केसीन' लिहिलेले असेल तर ते पाकीट खाली ठेवा.

सासूबाईंची काळजी आपुलकीची आहे, परंतु आईचे दूध येते ते बाळ जितके ओढून पिते त्या प्रमाणात. आई किती पेले दूध पिते यावर ते ठरत नाही. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे व गूळ घालून केलेले लाडू त्या तुम्हाला खुशाल देऊ शकतात. मात्र कॅल्शियमकडे दुर्लक्ष नको. स्तनदा मातेला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) यासाठी उत्तम, कारण तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्या भाकरीबरोबर तिळाची चटणी घ्या. एवढ्याने गरज भागेलच असे नाही, म्हणून गोळीविषयी डॉक्टरांना विचारा.

रक्त काही दिवसांतच कमी होऊ शकते, पण आव जायला आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशीच निष्कर्ष काढू नका. बाळ बरे झाल्यावर डॉक्टरांना विचारून तुम्ही आठवडाभर पुन्हा दूध घेऊन पाहा. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि मग आई महिनोन्‌महिने विनाकारण पथ्य पाळत बसते. रक्त परतले नाही तर पथ्य संपले. परतले तर ते बाळ साधारण नऊ महिने ते एक वर्षाचे होईपर्यंत पाळावे लागेल. बहुतेक मुलांना वर्षाच्या सुमारास दूध सोसू लागते.

रक्ताचे प्रमाण वाढले, वारंवार उलट्या होऊन बाळ मलूल पडले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली किंवा वजन वाढायचे थांबले, तर मात्र यातील कशाचीही वाट न पाहता बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.