डेक्कन कॉलेजची मुख्य इमारत: साल कोणतं लिहायचं?

प्रश्न: पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या गॉथिक इमारतीचं साल कुठे १८२१, कुठे १८६४, तर कुठे १८६८ छापलेलं दिसतं. स्मरणिकेत कोणतं द्यावं?

तिन्ही सालं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. १८२१ हे संस्थेचं. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात दक्षिणा निधीतून (विद्वानांना दक्षिणा देण्यासाठी पेशव्यांच्या काळापासून चालत आलेला निधी) संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८५१ मध्ये तिचं पूना कॉलेज झालं. इमारतीचा इतिहास त्यानंतरचा. सर जमशेटजी जीजीभाईंची एक लाखाची देणगी हाताशी होती, आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. येरवड्याला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १५ ऑक्टोबर १८६४ रोजी कोनशिला बसवली, तेव्हाच डेक्कन कॉलेज हे नाव आलं. कॉलेज तिथे हललं २३ मार्च १८६८ रोजी.

म्हणून इमारतीच्या छायाचित्राखाली 'बांधकाम १८६४–६८' असंच छापा. १८६८ पूर्वीच्या विद्यार्थ्यांना या वास्तूत बसवू नका. ही चूक फार होते. टिळक आणि आगरकर १८७० च्या दशकातले, त्यांचं शिक्षण मात्र येरवड्यालाच झालं.

प्रश्न: मधे कॉलेज बंद होतं का?

हो, १९३४ मध्ये सरकारने बंद केलं. माजी विद्यार्थ्यांनी लढा सोडला नाही, म्हणून १७ ऑगस्ट १९३९ पासून ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभं राहिलं. 'अखंड परंपरा' असं लिहिताना ही पाच वर्षं गाळू नयेत.

प्रश्न: आमच्या कॉलेजची इमारतही जुन्या काळ्या दगडाची आहे. सांध्यांत सिमेंट भरल्यापासून आतल्या भिंतींना ओल आली. काय करावं?

काळा दगड पाणी फारसं पीत नाही. भिंतीतली ओल सुकते ती सांध्यांतल्या चुन्यातून. सिमेंटने ती वाट बंद होते, मग ओल आत वळते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि गिलावा फुगतो.

आधी छप्पर आणि पन्हळी दुरुस्त करा. वरून पाणी येत असेल तर पुढचा खर्च वाया. वारसा यादीत नाव असेल तर परवानगी घ्या. सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढा. ग्राइंडर लावलात तर दगडाच्या कडा कापल्या जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत. सांधा रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळा करून धुवा. एक भाग चांगला मुरलेला चुना आणि तीन भाग धुतलेली, खरखरीत वाळू. पावसाचा मारा असलेल्या बाजूला थोडी सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) घाला. खोल सांधा एका दमात भरू नका, भेगा पडतात. दोन थरांत भरा. वर ओलं गोणपाट किमान आठवडाभर ठेवा. काम पावसाळा सरल्यावर, थंडीत करा: उन्हाळ्यात चुना सुकतो पण धरत नाही, आणि बोट लावलं की भुसभुशीत सुटतो. सगळी भिंत उकरण्याआधी एक चौरस मीटरवर नमुना करून महिनाभर पाहा.