वर्गात हात कापायला लागतात तेव्हा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींची एक काळजी ठरलेली असते: चारचौघांत चुकलो तर? त्यातल्या एकीची हकीकत ओळख बदलून सांगते.

ती एका कन्नड शाळेत आठवीतल्या कर्णबधिर मुलाशेजारी बसून, सर शिकवतील ते खुणांच्या भाषेत सांगायची. तिचं स्वतःचं शिक्षण मराठीतून. विज्ञानाच्या तासाला घाम फुटायचा. "मॅडम, एक कन्नड शब्द निसटला की हात कापायला लागतात. पोराचं नुकसान होतंय की माझ्यामुळं."

श्वासाचा सराव करून झाला होता. घरी बरं वाटायचं, वर्गात पुन्हा तेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मी मानते. प्रसंगापेक्षा मनात घोकलेलं वाक्य जास्त छळतं, हा माझाही अनुभव. ते वाक्य मला हवं होतं.

"त्याला तुझी खूण कळली नाही तर?"

"बाकावर टकटक करतो. मी परत सांगते."

"मग तो ढ ठरतो?"

"छे! हुशार आहे तो."

"आणि तुला सरांचं कळलं नाही तर?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. "गप्प बसते. थांबवलं तर म्हणतील, हिला काही येत नाही."

सापडलं! 'माझ्यावर कुणाला विचारायची वेळ येताच कामा नये', हा तिचा हट्ट होता. मुलाला दिलेली मुभा तिनं स्वतःला दिलीच नव्हती. तो प्रश्न नेमका त्या क्षणी सुचला, याचं मला आजही समाधान वाटतं. अभ्यास एकच दिला: आठवडाभर रोज एकदा तरी हात वर करून सरांना थांबवायचं. पहिल्या दिवशी सर नुसतं 'आयतु' (बरं) म्हणाले आणि वाक्य परत बोलले.

हे काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार मुलाला कळेल अशा संवादपद्धतीतून शिक्षण मिळणं हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी शिक्षकांना थांबवणं तुमच्या कामातच येतं. धडा आदल्या दिवशी मागून घ्या. 'प्रकाशसंश्लेषण'सारख्या शब्दाची खूण भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशात शोधा, नसेल तर मुलाबरोबर बसून ठरवा. फळा आणि तुमचे हात त्याला एकदम बघता येत नाहीत, म्हणून लिहून झाल्यावर शिक्षकांना क्षणभर थांबायला सांगा. सलग खुणा करून डोकं थकतं आणि चुका वाढतात, तेव्हा दोन तासिकांच्या मधे विसावा मागून घ्या. थरथर पूर्ण जाण्याची वाट मात्र बघत बसू नका. खुणा कळतात का, ते त्या मुलालाच विचारा.