थायलंडच्या खेड्यात इलेक्ट्रिक गाडी परवडते का? आधी सासुरवाडीचा मीटर बघा

प्रश्न असा होता: "बायकोच्या माहेरी, सुरिनजवळच्या एका गावात कायमचं राहायला जातोय. तिथे इलेक्ट्रिक कार घेणं व्यवहार्य आहे का? चार्जिंग, वीज जाणं, दुरुस्ती यांचं काय?"

परवडते. बँकॉकमध्ये चोविसाव्या मजल्यावर राहणाऱ्यापेक्षा खेड्यातल्या माणसाला जास्तच परवडते, कारण गाडी घराखाली उभी असते आणि वायरही आपलीच असते. पण ती वायर कशी आहे, यावर बाकीचं सगळं ठरतं. लोक रेंज आणि चार्जिंग स्टेशनांचे व्हिडिओ रात्र रात्र बघत बसतात. सासुरवाडीच्या मीटरवर काय छापलंय ते कोणी बघत नाही.

मीही तुमच्यासारखाच घरजावई. (इसानात, म्हणजे थायलंडच्या या ईशान्य भागात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लग्नानंतर जावयानं मुलीच्या घरी राहायला जाणं हीच इथली जुनी रीत.) मी रोइ एत प्रांतात, म्हणजे सुरिनच्या उत्तरेला राहतो. मधे थुंग कुला रोंगहायचं भाताचं मैदान तेवढं आहे, त्यामुळे तुमच्याकडचं ऊन, पाऊस आणि विजेचे खांब मला अनोळखी नाहीत.

तर मीटर. बँकॉक, नोन्थाबुरी आणि समुत प्राकान सोडले तर देशभर वीज पीईए म्हणजे प्रांतिक वीज प्राधिकरण देतं. आपल्याकडे जशी महावितरण, तशी. गावातल्या जुन्या घरांना बहुतेक ५(१५) असं छापलेला मीटर असतो. कंसातला आकडा म्हणजे जास्तीत जास्त अँपिअर. १५ अँपिअर म्हणजे साधारण सव्वातीन-साडेतीन किलोवॅट, आणि त्यात पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर, असला तर एसी, सगळं आलं. भिंतीवर बसवायचा सात किलोवॅटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर ओढतो. म्हणजे १५(४५) किंवा ३०(१००) चा मीटर हवाच. तो बदलला तरी मीटरपासून घरापर्यंत आलेली वायर जुनी आणि बारीक राहिली तर काही उपयोग नाही, तीही जाड घ्यावी लागते. गावात मीटर पुष्कळदा रस्त्याकडेच्या खांबावर असतो आणि तिथून घरापर्यंतची वायर आपली जबाबदारी. घर आत, शेताच्या कडेला असेल तर या वायरचाच खर्च डोळ्यांत भरतो.

यावर चांगला उपाय म्हणजे फक्त गाडीसाठी दुसरा मीटर. एकाच घराच्या पत्त्यावर वाहन चार्जिंगसाठी वेगळा मीटर पीईए देतं. तो वेळेनुसार दर बदलणाऱ्या योजनेत घ्यावा. सोमवार ते शुक्रवार रात्री १० ते सकाळी ९ आणि शनिवार-रविवार व सरकारी सुट्ट्यांना पूर्ण दिवस वीज स्वस्त, मूळ दर युनिटला २.६३६९ बाट. बाकीच्या वेळी ५.७९८२. त्यावर इंधन अधिभार आणि सात टक्के व्हॅट. साध्या घरगुती दरात महिन्याला ४०० युनिटांच्या पुढे मूळ दरच ४.४२ होतो. सगळं घरच या योजनेत टाकलं तर दिवसा एसी लावताना हात थरथरेल, म्हणून मीटर वेगळा. शिवाय छोट्या मीटरवर महिन्याला १५० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला कमी दर लागतो. सासूबाईंची ती सवलत जावयाच्या गाडीपायी गेली तर घरात काय होईल ते मी सांगायला नको.

अर्ज मात्र तुमच्या नावावर सहसा होणार नाही. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, घराचं निळं नोंदणीपुस्तक बायकोच्या किंवा सासऱ्यांच्या घरचं असतं, त्यामुळे वीज कार्यालयात त्यांनाच पुढे करा. गाडी तुमच्या नावावर होऊ शकते. त्यासाठी इमिग्रेशनचा राहण्याचा दाखला किंवा वर्क परमिट लागतं. कर्ज मिळणं कठीण, रोख पैशांची तयारी ठेवा.

आता अर्थिंग. खांबांवरच्या जुन्या लाकडी घरांत दोन पिनांचे सॉकेट असतात आणि अर्थिंगचा पत्ता नसतो. गाडीबरोबर मिळणारा हातातला चार्जर अशा सॉकेटला लावला की लाल दिवा दाखवून गप्प बसतो, आणि मग लोक गाडी खराब निघाली म्हणून शोरूमला फोन करतात. चार्जरचं बरोबरच असतं. इथल्या नियमाप्रमाणे २.४ मीटर लांबीची सळई जमिनीत ठोकायची, तिथून चार्जरच्या बोर्डापर्यंत हिरवी वायर आणायची, स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा ब्रेकर (आपल्याकडे ज्याला ईएलसीबी म्हणतात त्यातला) बसवायचा. इसानची जमीन वाळूमिश्रित आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडतं. म्हणून माप उन्हाळ्यात घ्यायला सांगा. पावसाळ्यात घेतलेलं माप सगळ्यांचंच छान येतं. बोर्डाच्या भोकांना सिलिकॉन लावून घ्या, कारण पाली आणि मुंग्या उबेला आत शिरतात आणि कॉन्टॅक्टवर चिकटून मरतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण दुर्लक्ष करू नका.

सात किलोवॅटचा खर्च करायचा नसेल तरी चालतं का? बऱ्याच जणांचं चालतं. १० अँपिअरचा हातातला चार्जर रात्री १० ते सकाळी ९ लावला तर पंचवीसेक युनिट जातात, त्यात सव्वाशे-दीडशे किलोमीटर सहज होतात. गावातून तालुक्याच्या बाजाराला, मुलांच्या शाळेला, आठवड्यातून एकदा प्रांताच्या शहरात मोठ्या दुकानात जाणाऱ्याला यापेक्षा जास्त कशाला लागेल? फक्त सॉकेट १६ अँपिअरचा, चांगल्या प्रतीचा आणि स्वतंत्र लाइनवरचा हवा. एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावू नका, घर लाकडाचं आहे.

पैशांचं गणित गमतीचं आहे. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, सतराएक युनिट खाते. रात्रीच्या दराने अधिभार आणि कर धरून युनिट तीन बाटच्या आसपास पडतं, म्हणजे १०० किलोमीटरला पन्नास-पंचावन्न बाट. तेवढंच अंतर गावातल्या घराघरात असलेली होंडा वेव्ह ही दुचाकी दोन लिटर पेट्रोलच्या आत कापते, म्हणजे खर्च जवळपास तेवढाच. चार माणसं एसीत बसून वेव्हच्या खर्चात फिरतात! पेट्रोलच्या कारला त्याच अंतराला दोनशेच्या वर लागतात. याच गणितामुळे गावात इलेक्ट्रिक दुचाकीचं कौतुक कमी आहे. वेव्ह मुळातच इतकी काटकसरी आहे की वाचवायला फारसं उरत नाही, आणि ती दुरुस्त करणारा प्रत्येक गावात आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तीनचाकी बॅटरीगाड्या मात्र गल्लोगल्ली दिसतात. नातवंडाला शाळेतून आणायचं आणि देवळात जायचं, एवढ्याला त्या बास.

बाहेर चार्ज केलं की हे गणित बिघडतं. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर युनिट रात्रीच्या घरगुती दराच्या दुपटीच्या वर जातं. म्हणून ते प्रवासापुरतंच. बँकॉक ते सुरिन साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. मित्रफाप महामार्गाने कोराटपर्यंत यायचं, तिथे जेवण आणि चार्जिंग, मग पुढे. कंपनीने सांगितलेली चारशे-साडेचारशेची रेंज एनईडीसी या जुन्या, सौम्य चाचणीची असते. महामार्गाच्या वेगात, एसी लावून, त्यातले तीन चतुर्थांश हाती लागले तरी समाधान माना. पीटीटीचे पंप, पीईएचे व्होल्टा चार्जर (पुष्कळसे बांगचाक पंपांवर), ईगॅट या वीजनिर्मिती प्राधिकरणाचे एलेक्स अशी साखळी मोठ्या रस्त्यांवर चांगली आहे आणि प्लग सगळीकडे आपल्या भारतातलाच, साध्या चार्जिंगला टाइप २ आणि फास्टला सीसीएस २. अडचण दोन ठिकाणी येते. प्रत्येकाचं ॲप वेगळं, त्याला थाई मोबाइल नंबर आणि इथल्या बँकेचं खातं लागतं. ते सगळं घरी बसून आधी करून ठेवा. दुसरं, सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. १३ ते १५ एप्रिलच्या आसपास निम्मं बँकॉक इसानकडे येतं आणि परततं, तेव्हा चार्जरपुढे रांगा लागतात. आपण गावातच राहणारे, त्या दिवसांत जायचंच कशाला?

वीज जाण्याची काळजी मला फार करावीशी वाटत नाही. भारनियमन हा प्रकार इथे नाही. मार्च ते मे दरम्यान वादळं येतात, झाड तारेवर पडतं, काही तास अंधार होतो. गाडीत आदल्या रात्रीची वीज असतेच. उलट ज्या गाडीतून २२० व्होल्ट बाहेर काढायची सोय आहे (इथे मिळणाऱ्या बऱ्याच चिनी गाड्यांत असते) तिच्यावर फ्रिज आणि पंखे रात्रभर चालतात. चिकट भात आमच्याकडे अजून कोळशाच्या शेगडीवर बांबूच्या शंकूत वाफवतात, त्यामुळे वीज असो नसो, जेवणाला अडत नाही. त्रास असतो तो फीडरच्या, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या मुख्य तारेच्या, शेवटच्या टोकाला असलेल्या घरांना. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि चार्जर स्वतःच थांबतो. तुमचं घर गावाबाहेर असेल तर रात्री आठच्या सुमारास सॉकेटमधलं व्होल्टेज मोजून बघा.

छतावर सौर पॅनल टाकायचा विचार असेल तर दिवसा घरी असणाऱ्यालाच तो जास्त फायद्याचा. उरलेली वीज पीईए घरगुती योजनेत युनिटला २.२० बाटने घेतं. त्यापेक्षा ती गाडीत भरणं शहाणपणाचं.

दुरुस्ती ही खरी कमजोर बाजू. गावचा मेकॅनिक इसुझू पिकअपचं इंजिन डोळे झाकून उघडतो, पण या गाडीचे टायर, ब्रेक पॅड आणि १२ व्होल्टची बॅटरी यापलीकडे तो हात लावणार नाही. बाकी सगळ्याला प्रांताच्या शहरातलं सर्व्हिस सेंटर. म्हणून ब्रँड निवडताना गाडीआधी नकाशा बघा: सुरिन, बुरीराम, उबोन यांपैकी कुठे त्यांचं चालू वर्कशॉप आहे, आणि तिथे बंपरसारखी साधी वस्तू यायला किती आठवडे लागतात, ते आधीच्या ग्राहकाला विचारा. सेल्समनला नको. नेटा या ब्रँडची चिनी मूळ कंपनी होझॉन २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली, आणि इथे तिच्या हजारो गाड्या रस्त्यावर आहेत. किमतींचंही तसंच. २०२२ साली सुमारे १२ लाख बाटला आलेली बीवायडी ॲटो ३ दोन वर्षांत इतकी उतरली की आधी घेतलेले ग्राहक चिडले आणि २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण मंडळाला चौकशी करावी लागली. दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर घेऊच नका. आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर किंमत किती उतरली ते बघायचंच बंद करा.

विमा प्रथम श्रेणीचाच (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा) घ्या आणि बॅटरीचं कलम नीट वाचून घ्या. १ जानेवारी २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्यांची पॉलिसी वेगळी आहे. बॅटरी पूर्ण बदलायची वेळ आली तर पहिल्या वर्षी शंभर टक्के, मग दरवर्षी दहा टक्के कमी, असं पन्नासपर्यंत उतरतं. गाडीच्या पोटाखाली बॅटरी, आणि इथले लाल मातीचे रस्ते पावसानंतर चाकोऱ्या पडलेले, हे लक्षात घेता जमिनीपासूनची उंची जास्त असलेली गाडी बरी. छोट्या हॅचबॅकचं पोट घासतं.

आणि सासऱ्यांचा पिकअप विकून त्या पैशांत ही गाडी घ्यायचं घरात बोलणं चाललं असेल तर ते थांबवा. इलेक्ट्रिक पिकअप आता बाजारात आहेत, पण वजन लादलं की त्यांची रेंज झपाट्याने उतरते आणि किंमत जुन्या डिझेल पिकअपच्या कितीतरी पट. नोव्हेंबरात भात कापून झालं की पोती गिरणीवर न्यायची असतात, ओल्या बांधावरून ट्रॉली ओढायची असते, शेजाऱ्यांनाही तोच पिकअप हवा असतो. तो महिनाभर कामाला येतो, पण त्या महिन्यात दुसरं काही चालत नाही.