पट्टी गेली, जागा आहे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. कर्णधाराची पट्टी काढून मिडफिल्डरला दिली, म्हणून तू संघ सोडायला निघालास. राग येणारच, मला तो चुकीचा वाटत नाही. पण फॉर्म परत करण्याआधी जपानचा फुटबॉलपटू युजी नाकाझावाचं ऐक. तू त्याला खेळताना पाहिलेलं नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१० चा फुटबॉल वर्ल्ड कप तोंडावर आला होता. नाकाझावा जपानचा कर्णधार, वय ३२, सेंटर बॅक, म्हणजे मागच्या फळीत मधोमध खेळणारा बचावपटू. संघ हरत होता, आणि स्पर्धेला जेमतेम दोन आठवडे उरले असताना प्रशिक्षक ताकेशी ओकादांनी पट्टी त्याच्याकडून काढून माकोतो हासेबेला दिली. तुझ्यासारखीच, मिडफिल्डरला! नाकाझावाच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. मैदानावर काय झालं ते सांगतो. दक्षिण आफ्रिकेत चारही सामने तो पूर्ण खेळला, पॅराग्वेविरुद्धची १२० मिनिटंही. शेजारी मार्कुस तुलिओ तानाका, पुढ्यात युकी आबे. कॅमेरून आणि डेन्मार्कला हरवलं, नेदरलँड्सकडून एका गोलने हरले, पॅराग्वेशी पेनल्टी शूटआउटवर गेले. चार सामन्यांत जपानने गोल खाल्ले फक्त दोन. कॅमेरूनविरुद्ध शेवटची दहा मिनिटं बघ. बॉल बघू नकोस, नुसता नाकाझावा बघ. क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर मारलेला बॉल, यायच्या आधीच तो दोन पावलं मागे सरकलेला असतो. डिफेंडिंग म्हणतात ते हेच, बाबा. स्लाइडिंग टॅकल, म्हणजे घसरत जाऊन बॉल काढणं, ही चूक सावरायची गोष्ट आहे, आणि तू ती फार करतोस.

त्याला काही आयतं मिळालं नव्हतं. शाळा संपल्यावर जपानमधल्या एकाही क्लबने त्याला विचारलं नाही, तेव्हा तो ब्राझीलला गेला. तिथून परतला आणि वेर्दी कावासाकी क्लबमध्ये बिनपगारी सराव करू लागला. करार १९९९ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी जे-लीगचा, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी आशिया कप जिंकला. मग २००२ चा वर्ल्ड कप आला, तोही घरच्या मैदानांवर, आणि संघात त्याचं नाव नव्हतं. मला वाटतं, पट्टी जाण्यापेक्षा हा घाव मोठा.

त्याच वर्षी तो योकोहामा एफ. मारिनोस क्लबमध्ये गेला. २००३ आणि २००४, लागोपाठ दोन लीग विजेतेपदं, आणि २००४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. डिफेंडरला हा मान सहसा मिळत नाही. त्याच उन्हाळ्यात आशिया कपच्या उपांत्य फेरीत बहारीनविरुद्ध जपानच्या एन्दोला लाल कार्ड मिळालं, जपान दहा जणांवर आला, २-३ असा मागे पडला. ९० व्या मिनिटाला बरोबरीचा गोल कोणी केला? सेंटर बॅक नाकाझावाने, डोक्याने. तो सामना जादा वेळेत ४-३ जिंकला, आणि नंतर कपही.

मला मात्र सगळ्यात मोठा वाटतो तो एक आकडा, १७८. पस्तिशी ओलांडल्यावर लीगचे सलग १७८ सामने तो एकही मिनिट न चुकवता खेळला. गोलकीपर सोडले तर हा विक्रम होता. २०१८ मध्ये गुडघ्याने दगा दिला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. २०१९ च्या जानेवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली.

एक विचारू? पट्टी गेली त्या दिवशी तुझी मागच्या फळीतली जागाही गेली का? नाही ना. मग संघ कशासाठी सोडायचा? पट्टी ज्याला मिळाली त्याला आधी तूच फोन कर. कॉर्नरच्या वेळी कोण कोणाला धरणार ते आज रात्रीच दोघांनी ठरवून टाका, कारण गेल्या दोन सामन्यांत दुसऱ्या खांबाजवळचा माणूस मोकळा सुटला होता आणि ती जबाबदारी तुझी होती.

शनिवारी लवकर झोप. रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये, मी बॉल घेऊन येतो. पन्नास क्रॉस डाव्या बाजूने, पन्नास उजव्या.

तुझे,
सर